ग्नावा मालेमच्या साथीला लॅपटॉप की मॉड्युलर?

ग्नावा ही मोरोक्कोतली विधी-संगीताची परंपरा, आणि मालेम म्हणजे तिचा उस्ताद. अशा एखाद्या मालेमबरोबर इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बसायचं ठरवलंत, की प्रश्न येतो: लॅपटॉप न्यावा की मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटे भाग केबलने जोडून आवाज घडवणारं यंत्र? मी दोन्ही वाजवून पाहिलेत.

सोयीत लॅपटॉपला तोड नाही. कालचा सेट आज जसाच्या तसा उघडतो, क्राकेबचा (लोखंडी करताळांचा) तुकडा तिथल्या तिथे रेकॉर्ड करून कापता येतो. मॉड्युलरच्या केबल एकदा काढल्या की तोच आवाज पुन्हा मिळेलच असं नाही, शिवाय खोली तापली की ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, सूर सोडतात.

तरीही लॅपटॉप मी बाजूला ठेवला तो लयीपायी. ग्नावा गाणं संथ सुरू होतं आणि चढत जातं, आपल्या भजनासारखं. सॉफ्टवेअरचं घड्याळ मात्र लावलेल्या बीपीएमला (मिनिटाला किती ठोके, त्या आकड्याला) चिकटून राहतं. टॅप टेम्पो मारत, म्हणजे बटणावर ठोके देऊन वेग सांगत राहिलं तर लय पायरी-पायरीने उडते, तोवर मालेम पुढे गेलेला असतो. मग बहुतेक वेळा तोच हात आवरता घेतो आणि गाण्यातली धग जाते. मला हे फार बोचायचं. त्यात क्राकेबची चाल धड चारात बसत नाही, धड तीनात. दोन्हींच्या अधेमधे झुलते. क्वांटाइझ केली, म्हणजे ठोके सारख्या अंतराच्या चौकटीत ओढले, की लंगडते.

मॉड्युलरमध्ये घड्याळच काढून टाकता येतं. गिंब्री हे मालेमचं कातडं ताणलेलं तंतुवाद्य; तिच्या लाकडी खोडाला काँटॅक्ट माइक (लाकडाची थरथर पकडणारा माइक) चिकटवायचा. मालेम तार छेडता छेडता बोटांनी कातड्यावर थापही देतो. प्रत्येक थापेला ट्रिगर, म्हणजे विजेचा इशारा, निघतो आणि सुरांची रांग वाजवणारा सीक्वेन्सर एक घर पुढे सरकतो. लय सगळी त्याच्या हातात. दांडीच्या टोकाला खोचलेल्या सेरसेराच्या, म्हणजे धातूच्या खुळखुळ्याच्या, कड्या झणझणल्या की खोटे ट्रिगर येतात खरे, पण मध्ये लो-पास फिल्टर (वरचे आवाज गाळणारा) घातला की बरेचसे थांबतात. सुराचंही तेच. गिंब्री गायकाच्या गळ्याप्रमाणे लावलेली असते आणि एस्सावीराच्या दमट हवेत कातडं सैलावतं. अशा वेळी कानाने नॉब फिरवणं मला तरी मेनूत शिरण्यापेक्षा सोपं जातं.

लॅपटॉपवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो: 2014 मध्ये मराकेशला जाऊन मालेम महमूद गिनियांबरोबर वाजवणारा ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकार जेम्स होल्डन मॉड्युलरवाला, पण संगणकाच्या वेळेला माणसासारखी हालचाल देणारं साधन एबल्टन या संगीत-सॉफ्टवेअरसाठी त्यानेच केलं. ते नीट बसवायची चिकाटी असेल तर मार्ग आहे.

लीला हा ग्नावांचा रात्रभराचा विधी असतो, तिथे मात्र दोन्हींपैकी काहीच नेऊ नये असं मला वाटतं. तालमीत, मैफलीत हवं ते करा.

निवड मोकळी असेल तर छोटा रॅक घ्या: दोन ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप फॉलोअर (आवाजाच्या चढउताराचा माग काढणारा), सीक्वेन्सर. लॅपटॉपच न्यायचा असेल तर निदान लूप लावू नका. ट्रान्सपोर्ट (सॉफ्टवेअरचं आपोआप वाजणं) बंद ठेवा आणि क्राकेबचे तुकडे पॅडवर हाताने वाजवा.