शुक्रवार संध्याकाळचं ऑनलाइन गाणं: वर्षभर पैसे भरले, वसूल झाले का?

आधीच सांगते, आम्ही भुसावळचे ज्यू. हे म्हटलं की समोरचा जरा थांबतो, मग विचारतो "म्हणजे पारशी का?" नाही हो. बेने इस्राएल. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पुढे अलिबागकडच्या गावांतून तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे, ते आम्ही. आजोबा रेल्वेत लागले म्हणून खान्देशात आलो, बाबाही रेल्वेतच, आणि मी लग्नानंतरसुद्धा इथेच राहिले. घरात मराठी, बाहेर लेवा बोली कानावर, जेवायला भरीत-भाकरी. पण प्रार्थनेला जायचं तर जवळचं सिनेगॉग ठाण्याचं (१८७९ सालचं आहे ते), म्हणजे सात-आठ तासांची गाडी. आजी सिनेगॉगला मशीद म्हणायची, जुने लोक तसंच म्हणतात, त्यावरून इथल्या शेजाऱ्यांचा काय काय गोंधळ व्हायचा ते वेगळंच लिहावं लागेल.

तर रिव्ह्यू. मागच्या वर्षी मुंबईतल्या मामेबहिणीने एका ऑनलाइन ग्रुपची लिंक पाठवली. "आनंदी ज्यू अध्यात्म" असं काहीतरी लिहिलेलं होतं. मला वाटलं झालं, आता डोळे मिटा, श्वास घ्या, स्वतःवर प्रेम करा. महिन्याला अडीचशे रुपये, पहिला महिना फुकट. फुकट म्हणून घुसले, आणि वर्ष झालं, अजून आहे.

मिळतं काय, तर शुक्रवारी दिवे लावायच्या आधी चाळीस मिनिटं गाणं, शनिवारी रात्री तारे दिसले की हावदाला (शब्बाथ संपवायचा छोटा विधी), मंगळवारी पाराशावर (तोरा म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग) गप्पा, आणि देवनागरीत लिहिलेल्या गाण्यांची पीडीएफ. शुक्रवारचा कार्यक्रम दिव्यांच्या आधी का, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) लागला की आमच्यात वीज, फोन, लॅपटॉप काहीच चालू-बंद करत नाहीत, निदान नियम पाळणाऱ्या घरांत तरी. म्हणून हे लोक सूर्यास्ताच्या आत उरकतात, "आता फोन ठेवा, दिवे लावा, शब्बाथ शालोम" म्हणतात आणि खरंच सगळे चौकोन काळे होतात. मला त्यांचं हे फार आवडलं. ऑनलाइन धंदा करणारा माणूस स्वतःहून सांगतो की आता स्क्रीन बंद करा, असं कुठे बघायला मिळतं?

पण इथेच पहिली तक्रार. त्यांच्या मेसेजमध्ये दिवे लावायची वेळ येते ती मुंबईची. दिवे सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावायचे असतात, आणि भुसावळला सूर्य मुंबईच्या आधी बुडतो, हिवाळ्यात तर तेरा-पंधरा मिनिटं सहज. त्यांच्या वेळेवर विसंबून राहिलं तर माझी अठरातली बरीचशी मिनिटं आधीच खल्लास. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा हसरा चेहरा आणि "नोटेड ताई". वर्ष झालं, मेसेज अजून मुंबईचाच येतो. मी कॅलेंडरवर इथल्या वेळा पेनाने लिहून ठेवल्यात आणि गाणं अर्धं सोडून उठते.

आता गाण्याचं. ते मुख्यतः निगुन शिकवतात. निगुन म्हणजे शब्द नसलेली चाल, नुसतं याय-दाय-दाय, बिम-बम, तेच तेच फिरवत चढवत न्यायचं. हे हसिदी पंथाच्या ज्यूंचं. अठराव्या शतकात युक्रेनच्या बाजूला बाल शेम तोव नावाचे गुरू होऊन गेले, त्यांचं म्हणणं असं की देवाची सेवा तोंड पाडून करू नये, आनंदाने करावी, ज्याला तोरा वाचता येत नाही तो गरीब गाडीवानसुद्धा गाऊन नाचून तितकाच वर पोचतो. स्तोत्रसंहितेतल्या शंभराव्या स्तोत्रात आहेच की, आनंदाने परमेश्वराची सेवा करा. मग त्यांचे पणतू ब्रेस्लोवचे रब्बी नाहमान, त्यांनी तर कायम आनंदी असणं हीच मोठी मित्स्वा (देवाची आज्ञा) म्हटलं. हे शिकवणारे दादा मंगळवारी छान सांगतात, नोट्स बिट्स वाचत नाहीत, आणि त्यांनी हेही सांगितलं की नाहमान स्वतः अतिशय उदास होत असत आणि ३८ व्या वर्षी क्षयाने गेले, १८१० मध्ये. ते ऐकल्यावर मला जरा बरं वाटलं, कारण तोपर्यंत मला हा सगळा आनंद सुखवस्तू लोकांचा वाटत होता.

सांगायचं कारण असं की माझे बाबा श्रावणात गेले. आमच्यात सात दिवस शिवा बसतात म्हणजे घरी शोक पाळतात, मुलगा कद्दिश (गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना) म्हणतो, आणि कद्दिशला दहा जण लागतात. भुसावळात दहा ज्यू पुरुष आणायचे कुठून? भाऊ एकटाच. ग्रुपवर विचारलं की ऑनलाइन दहा जण झाले तर चालेल का, तर त्यांनी गोलगोल न बोलता सांगितलं की परंपरेने तो मिन्यान (प्रार्थनेला लागणारा दहा जणांचा गट) धरत नाहीत, करोनात काही पंथांनी परवानगी दिली होती पण आम्ही तसं करत नाही, मात्र आम्ही रोज रात्री तुमच्यासोबत तेहिलीम (स्तोत्रं) वाचू. आणि वाचलं. शब्बाथ सोडला तर सगळे दिवस, रोज आठ-दहा जण, मराठीत आणि हिब्रूत. याचे पाच स्टार. पण त्याच आठवड्यात मोठ्या ग्रुपवर एका बाईंनी (शिकवणाऱ्यांपैकी नव्हे, सभासद) मला लिहिलं की दुःख धरून ठेवू नका, आनंद निवडा. म्हटलं बाई, तुम्ही आधी पुरी-भाजी करून आणा आणि मग बोला. आनंदाची सक्ती हा या ग्रुपचा आजार आहे, सगळ्यांना नाही पण दोन-चार जणांना नक्की झालाय, आणि ॲडमिन त्यांना काही बोलत नाहीत.

टेक्निकल बाजू. व्हिडिओ कॉलवर एकत्र गाता येत नाही. हे कोणी आधी सांगत नाही. आवाज पोचायला थोडा वेळ लागतो, प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे सगळ्यांनी माइक चालू ठेवले की भुसावळ यार्डात शंटिंग चाललंय असा गोंगाट. म्हणून सगळे म्यूट, फक्त गाणाऱ्या ताईंचा आवाज आणि त्यांचं हार्मोनियम. म्हणजे तुम्ही तुमच्या घरात एकट्याच गाताय आणि समोर चाळीस लोकांची तोंडं हलतायत. पहिले दोन महिने मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं, नवरा आतून विचारायचा "कोणाशी बोलतेस?" आईने मात्र पहिल्या दिवसापासून टाळ्या धरल्या, ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिला म्यूट-बिट काही कळत नाही.

एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. शुक्रवारी 'लेखा दोदी' म्हणतात, शब्बाथ राणीचं स्वागत, सोळाव्या शतकात आजच्या इस्राएलमधल्या सफेद नावाच्या गावात श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलेलं, कडव्यांच्या पहिल्या अक्षरांत त्यांनी स्वतःचं नावही गुंफलंय. शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी दाराकडे वळून उभं राहायचं, राणी आत येते म्हणून. आता ऑनलाइन काय होतं, तर चाळीस चौकोनांत चाळीस पाठी! कोणाची नायटी, कोणाच्या शर्टाचं लेबल वर आलेलं, एकाचं दार म्हणजे फ्रिजच. मी आणि आई इतक्या हसलो की कडवं राहिलं. आता दर शुक्रवारी आम्ही त्याच क्षणाची वाट बघतो आणि मला नाही वाटत अल्काबेत्सना राग आला असता.

खरी गंमत पुढे झाली. मे महिन्यात, त्रेचाळीस-चव्वेचाळीस तापमान, दारंखिडक्या सताड उघड्या, शेजारच्या मावशी (लेवा पाटील, माळकरी, मुक्ताईनगरची वारी न चुकवणाऱ्या) केळीचा फणा द्यायला आल्या आणि बसल्या. निगुन चालू होतं. दोन मिनिटं ऐकलं आणि त्यांनी सरळ धरलंच, वर आम्हाला म्हणतात, "शब्दच नाही, त मंग मले बी जमते ना माय!" आई, मी, मावशी, नंतर त्यांची सून. चौघी एका खोलीत गायलो आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे गाणं चढतं म्हणजे काय. स्क्रीनवरच्या ताई फक्त सूर देत होत्या, गाणं आमच्या हॉलमध्ये होतं. मी हे ग्रुपवर लिहिलं, तर आता ते सगळ्यांनाच सांगतात की एकट्याने बसू नका, कोणालातरी घरी बोलवा, एका स्क्रीनपुढे तीन-चार जण हवेत. हा बदल चांगला आहे. श्रेय मावशींचं आहे पण ते कुठे लिहिलेलं नाही.

मावशींनीच मला दुसऱ्या गोष्टीची आठवण दिली. विचारत होत्या, तुमच्यात कीर्तन नसतं का? तर असतं! साधारण १८८० पासून बेने इस्राएल लोकांनी मराठीत कीर्तनं केली, योसेफाची, मोशेची, आख्यान लावून, ओव्या-साक्या-आर्या सगळं आपल्या हरिदासी थाटात. माझी आजी योसेफाच्या आख्यानातल्या चार ओळी भाकऱ्या थापताना म्हणायची, चाल अशी की कोणालाही वाटावं पंढरपूरची. म्हणजे आनंदाने देवाचं नाव घ्यायचं हे आम्हाला युक्रेनमधून मागवायची गरज नव्हती, ते घरातच होतं, आम्हीच माळ्यावर टाकलं. मग या ग्रुपवर वर्षभरात कीर्तन किती वेळा? एकदा. एकदा! आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त लोक होते, इस्राएलमधून दिमोना आणि अश्दोदचे आपले लोक जोडले गेले, एक आजोबा तर धृपद ऐकून रडायलाच लागले. तरी पुढच्या आठवड्यापासून परत बिम-बम. दादांना म्हटलं तर म्हणाले गाणारे मिळत नाहीत. मिळतील की, मुंबई-ठाण्यात बायकांना अजून येतं, शोधायला हवं.

मलिदाचंही तसंच. एलियाहू हन्नाबीचा (एलिया संदेष्ट्याचा) मलिदा हा आमचा सगळ्यात आनंदाचा विधी, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, नवस फेडायचा असो की लग्नाआधी असो. या ग्रुपच्या सणांच्या यादीत तो तू बिश्वातच्या (झाडांच्या सणाच्या) खाली एका ओळीत "स्थानिक प्रथा" म्हणून. स्थानिक कोणाची? चाळीसातले तीस लोक तर आमचेच! आणि सणांची आमची नावं कुठेच नाहीत. पुरीमला आमची आजी होळीचा सण म्हणायची, रोश हशानाला नव्याचा सण, तिशा बआवला बिरड्याचा सण कारण त्या उपासाला जोडून वालाचं बिरडं. ही नावं मुलांना सांगितली तर ती हसतात आणि लक्षात ठेवतात, नुसतं पुरीम म्हटलं तर विसरतात.

पीडीएफबद्दल थोडक्यात: चुका आहेत. एकाच गाण्यात एका पानावर ख आणि दुसऱ्यावर ह. फॉन्ट बारीक. आईसाठी मी मोठा प्रिंट काढून आणला, झेरॉक्सवाल्याने विचारलं हा कोणता मंत्र.

हावदाला मात्र उत्तम. शनिवारी रात्री, शब्बाथ संपलेला, त्यामुळे फोनचं काही टेन्शन नाही. वेणीसारखी वळलेली मेणबत्ती, मसाल्याचा वास, पेला. वाइन आम्ही घेत नाही, काळ्या मनुका भिजवून कुस्करून शरबत करतो, आमच्याकडे किद्दुशलाही (शब्बाथ लागताना पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला) तेच. वासासाठी ते लवंग-दालचिनी सांगतात, मी खान्देशी काळ्या मसाल्याचा डबाच उघडते, आई शिंकते, मग मेणबत्ती शरबतात विझवायची आणि सगळे एकदम माइक चालू करून "शावुआ तोव" (आठवडा चांगला जावो) ओरडतात. तो एकच गोंगाट मला आवडतो. बारा-पंधरा मिनिटांत संपतं. कोणाला आधी चाखून बघायचं असेल तर शनिवारपासून सुरुवात करा, शुक्रवारपासून नको.

पैशाचं म्हणाल तर अडीचशे जास्त नाहीत, पण एकट्या माणसाने घरात एकटं बसून बघायचं असेल तर दोन महिन्यांत कंटाळा येईल. घरात दोन-चार तोंडं असतील, नाहीतर शेजार चांगला असेल, तर घ्या. ज्यांना शिकायचंय, हिब्रू वाचायचंय, त्यांना मंगळवार पुरत नाही. लाइट गेली तर रेकॉर्डिंग मिळतं पण रेकॉर्डिंगवर गाण्यात काही अर्थ नाही, मी एकदाच केलं.

साडेतीन स्टार. अर्धा मुंबईच्या वेळेसाठी कापला, एक कीर्तनासाठी.

आता रिन्यूअलचा मेसेज आलाय, वार्षिक भरलं तर दोन महिने फुकट म्हणे. अजून भरलेलं नाही, दादांना लिहिलंय की महिन्यातून एक शुक्रवार कीर्तनाचा लावा मग बघू. उत्तर आलं नाही. आणि इकडे मावशी सकाळीच कुंपणावरून विचारून गेल्या, या शुक्रवारी किती वाजता बसायचं. पाच वाजता या म्हटलं, भुसावळच्या टायमाने.