व्हीगन केकसाठी संत्रं, मोसंबी की लिंबू?

नागपुरात मित्रमंडळींसाठी व्हीगन, म्हणजे अंडी-दूध काहीच नसलेला, केक करायचा म्हटलं की हात आपोआप संत्र्याकडे जातो. बरेचदा ते बरोबरच असतं, पण बाराही महिने नाही. फळ निवडताना दोन गोष्टी बघायच्या: सालीचा वास आणि रसाचा आंबटपणा. केकला वास येतो तो सालीतल्या तेलाचा. रसाचा सुगंध ओव्हनमध्ये बराचसा उडून जातो. आणि अंडं नसल्यामुळे केक फुगवायचं बहुतेक काम आंबट रस आणि सोडा यांच्यावर पडतं. आंबटपणा कमी पडला की सोडा शिल्लक राहतो, केक तपकिरी पडतो आणि चवीला साबणासारखा लागतो.

मूळ प्रमाण तिन्ही फळांना एकच. सात इंची गोल डब्यासाठी मैदा 180 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, बिनवासाचं तेल 80 मिली, खायचा सोडा सपाट अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर तेवढीच, मीठ चिमूटभर आणि एकूण पातळ पदार्थ 240 मिली. आठ ते दहा तुकडे होतात. फरक पडतो तो या 240 मिलीमध्ये काय जातं याचा.

संत्र्याचं गणित सर्वांत सोपं, कारण 240 मिली रसातला आंबटपणा अर्धा चमचा सोड्याला जवळपास पुरतो. वर काही घालावं लागत नाही. चार-पाच मध्यम फळं लागतात. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या झाडांचं, फळ दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि थोडं आंबट असतं. केकला ते जास्त मानवतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारं मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांचं, फळ गोड, खायला उत्तम. त्याचा केक करताना साखर 20 ग्रॅम कमी करा आणि चमचाभर लिंबू पिळा. साल हिरवट आहे म्हणून फळ नाकारू नका. थंड रात्री मिळाल्या नाहीत तर आत गोड झालेलं संत्रंही बाहेरून हिरवं राहतं.

अडचण आहे ती सालीची. नागपुरी संत्र्याची साल सैल, त्यामुळे किसणीवर फळ दबतं, साल सरकते आणि पांढरा भागही किसला जातो. तो कडू. म्हणून फळ सोलण्याआधी, अख्खं असताना, बारीक किसणीवर एका जागी एकदाच फिरवायचं. नारिंगी रंग गेला की पुढची जागा. फारच पोकळ फळ असेल तर साल काढून आतला पांढरा थर चमच्यानं खरवडा आणि साल साखरेसोबत मिक्सरला फिरवा. तीन संत्र्यांची किसलेली साल पुरते. ती साखरेत घालून बोटांनी दोन मिनिटं चोळली की साखर ओलसर, पिवळसर होते आणि घरभर वास सुटतो. ही पायरी टाळली तर केक नुसता गोड होतो. रस हातानं पिळून गाळा. मिक्सरमध्ये बिया फुटल्या तर सगळा रस कडवट होतो.

मोसंबी जवळपास वर्षभर मिळते आणि तिची घट्ट साल किसायला सर्वांत सोपी. पण वास सौम्य, रसात आंबटपणा फारच कमी. नुसत्या मोसंबीच्या रसावर केक केला तर सोडा उरणारच. 225 मिली मोसंबीचा रस आणि 15 मिली लिंबाचा रस घेतला की जमतं. रस काढून ठेवू नका. मोसंबीचा रस थोड्या वेळात कडू होऊ लागतो. मैदा चाळून, डबा तयार ठेवून मगच फळ कापा.

उन्हाळ्यात चांगलं संत्रं नसेल तर मोसंबीच्या मागे न लागता सरळ लिंबाचा केक करावा, कारण त्याची चव ठाम असते. 30 मिली लिंबाचा रस, 210 मिली सोया किंवा पातळ नारळाचं दूध. दूध फाटल्यासारखं दिसेल. दिसू द्या, तसंच वापरायचं. साखर 30 ग्रॅम वाढवा. कागदी लिंबाची साल अगदी पातळ, तीन-चार लिंबांची मिळून एक छोटा चमचा साल निघते. हिरवा रंग संपला की थांबायचं. डब्यातला विकतचा रस मात्र तिन्हींच्या पुढे कुठेच बसत नाही. त्यात साल नाही, म्हणजे वासच नाही.

पुढची कृती सारखीच. साखर, साल, तेल, रस एकत्र करा, कोरडं चाळून त्यात घाला आणि मैदा दिसेनासा होताच हात थांबवा. जास्त फेटलं तर केक चिवट होतो. लगेच 175 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. कुकरमध्ये करायचा तर शिट्टी आणि रिंग काढा, तळाशी मीठ, वर स्टँड, पाच मिनिटं तापवून मंद आचेवर साधारण 45 मिनिटं. खोबरेल तेल वापरणाऱ्यांनी डिसेंबरात रस कोमट करून घ्यावा, नाहीतर तेल गोठून गुठळ्या होतात.

बलक नसल्यानं केक फिका दिसतो म्हणून कुणी हळद घालतं. चिमटीपेक्षा कमीच घाला. हळदीला चुना लागला की कुंकवासारखा रंग येतो, तसंच सोडा उरला की केकमध्ये लालसर डाग उमटतात.

पाहुण्यांत खरंच कुणी व्हीगन असेल तर ‘एगलेस’वर विसंबू नका, त्यात बरेचदा दही किंवा कंडेन्स्ड मिल्क असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो, लोण्याऐवजी वापरतात त्या मार्गारिनमध्ये दूध असू शकतं. घटकांची यादी वाचा. आणि डब्याला सवयीनं तूप लावू नका, तेल लावा.

हुरडा पार्टीला न्यायचा असेल तर आदल्या रात्रीच करा, दुसऱ्या दिवशी संत्र्याचा वास जास्त खुलतो. मे महिन्यात फुटाळा तलावावर नेताना वरचं साखरेचं आवरण घामेजून ओघळतं. त्याऐवजी दोन चमचे लिंबाच्या रसात दोन चमचे साखर विरघळवून गरम केकवर ब्रशनं लावा आणि केक डब्यातच ठेवून न्या.