पॅन: यूजनेट वाचणाऱ्यांनी एकदा तरी लावून बघावा असा न्यूजरीडर

सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यातला कॉम्प.लँग.सी हा न्यूजग्रुप, म्हणजे चर्चागट, मी नेमाने वाचते. भाषेचे नियम ठरवणाऱ्या अधिकृत मानकातलं एखादं कलम घेऊन त्यातल्या एकेका शब्दावर आठवडाभर वाद घालणारी माणसं मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाहीत. त्याच वादांच्या मध्येमध्ये राजकारण, जुनी भांडणं आणि एकाच माणसाच्या शंभर पोस्टीही असतात. हे सगळं एकत्र येत असताना कामाचं तेवढं वर कसं आणायचं, या प्रश्नाला पॅन या न्यूजरीडरने, म्हणजे न्यूजग्रुप वाचायच्या प्रोग्रॅमने, दिलेलं उत्तर मला मनापासून पटलं आहे.

पॅन हा मुक्तस्रोत न्यूजरीडर मुख्यतः चार्ल्स केर यांनी घडवला आणि आता तो ग्नोम या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाच्या छत्राखाली चालतो. लिनक्सच्या बहुतेक वितरणांच्या भांडारात तो असतो, त्यामुळे पॅकेज मॅनेजरमध्ये 'पॅन' शोधलं की झालं. पण नुसता पॅन लावून काहीच दिसत नाही. यूजनेटला एक मध्यवर्ती जागा नाही. १९७९ साली टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी ही कल्पना मांडली तेव्हापासून पोस्टी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पोचवल्या जातात. म्हणून आधी एका न्यूज सर्व्हरवर खातं हवं. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सवर यूजनेटच्या नव्या पोस्टी दिसत नाहीत आणि तिथून पोस्टही करता येत नाही. ती सवय असलेल्यांना आता ही पायरी टाळता येणार नाही. मजकुराचेच ग्रुप वाचायचे असतील तर 'इटर्नल सप्टेंबर' हा सर्व्हर पुरेसा आहे. नोंदणी करावी लागते, पैसे लागत नाहीत.

पॅन पहिल्यांदा उघडला की तो स्वतःच सर्व्हरची माहिती मागतो. पत्ता, लॉगिन आणि पासवर्ड भरा, आणि पोर्टकडे, म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या दाराने जोडायचं त्या क्रमांकाकडे, जरा लक्ष द्या. ११९ हे जुनं, उघडं पोर्ट आहे. सर्व्हरला चालत असेल तर ५६३ टाका आणि खाली सुरक्षित जोडणीचा पर्याय निवडा, नाहीतर पासवर्ड वाटेत जसाच्या तसा जातो. त्याच खिडकीत जुने लेख (म्हणजे पोस्टी) किती दिवसांनी काढून टाकायचे ते विचारलेलं असतं. मजकुराच्या ग्रुपसाठी 'कधीच नाही' हाच पर्याय घ्या. जुन्या धाग्याचा, म्हणजे एका विषयावरच्या पोस्टी-उत्तरांच्या साखळीचा, संदर्भ महिन्यांनी लागतो, आणि नुसत्या मजकुराला जागा लागते तरी किती!

मग ग्रुपांची यादी उतरते आणि डावीकडे भरते. वरच्या शोधपेटीत नावाचा तुकडा टाकायचा, ग्रुपवर उजवी क्लिक करून सब्स्क्राइब करायचं. ग्रुप पहिल्यांदा उघडताना सगळे हेडर (लेखांचे विषय, लेखक, तारखा) आणायचे की शेवटच्या काही दिवसांचेच, हे पॅन विचारतो. नव्या माणसाने थोड्या दिवसांचे घ्यावेत. सगळे आणले तर जुन्यांच्या ढिगात आजची चर्चा कुठे चालू आहे ते कळत नाही. वाचायला लागलं की बहुतेक वेळा एकच कळ पुरते, स्पेसबार. लेख लांब असेल तर तो खाली सरकतो, संपला की पुढचा लेख उघडतो. माउसला हात न लावता अख्खा धागा वाचून होतो.

पण मी पॅनवर राहिले ते लेखांना गुण (स्कोअर) देण्याच्या सोयीमुळे. प्रत्येक लेखाला पॅन एक आकडा देतो. शून्य म्हणजे साधा, ९९९९ म्हणजे 'लक्ष ठेवा', उणे ९९९९ म्हणजे 'दाखवूच नको'. मधल्या आकड्यांचे उच्च, मध्यम, कमी असे पट्टे आहेत आणि प्रत्येकाला रंग देता येतो. नियम आपण बनवायचे: या ग्रुपात, लेखकाचं नाव असं असेल किंवा विषयात अमुक शब्द असेल, तर इतके गुण वाढव किंवा कमी कर. शिवाय हा नियम किती काळ चालवायचा हेही सांगता येतं. मला ही शेवटची सोय फार मोलाची वाटते. एखाद्या विषयावर लोक चिडलेले असतात तेव्हा मी त्या विषयाला महिन्याभरापुरते उणे गुण देते. महिना उलटला की नियम आपोआप गळतो, आणि त्याच माणसांचं चांगलं लिखाण मला पुन्हा दिसायला लागतं. साध्या ब्लॉकमध्ये ही सोय नसते, तिथे एकदा बंद म्हणजे कायमचं बंद.

नियम एकमेकांवर चढतात हे आणखी छान. 'अलाइनमेंट' शब्द विषयात असेल तर माझ्याकडे पाचशे गुण, एका विशिष्ट जाणत्या माणसाला हजार, आणि चार-पाच ग्रुपांत एकदम टाकलेल्या पोस्टीला उणे सातशे. तो माणूस अशा विखुरलेल्या धाग्यातही लिहीत असला तर बेरीज धन राहते आणि त्याचा लेख रंगीत होऊन वर दिसतो. एखादा लेख का वर आला किंवा का दबला हे कळलं नाही, तर लेखाचे गुण दाखवणारी खिडकी उघडायची. तिथे कोणत्या नियमाने किती दिले ते ओळीने लिहिलेलं असतं. नको असलेला नियम तिथेच काढता येतो आणि तिथूनच सगळा ग्रुप पुन्हा मोजता येतो. माझ्यासमोर काय यावं हे ठरवणारा हिशोब असा उघडा माझ्या हातात असावा, ही माझी जुनी इच्छा होती.

लिहितानाही पॅन शिस्त लावतो. उत्तर देण्याआधी मूळ लेखातला हवा तेवढाच भाग माउसने निवडा, उत्तरात तेवढाच उद्धृत होतो. पाठवताना तो मजकूर तपासतो. उत्तर उद्धृताच्या वर लिहिलं असेल, बहुतेक मजकूर दुसऱ्याचाच असेल किंवा ओळी ऐंशी अक्षरांपलीकडे गेल्या असतील, तर इशारा देतो. नव्या माणसाला यूजनेटवर सगळ्यात आधी बोलणी बसतात ती याच गोष्टींवरून. पोस्टिंग प्रोफाइलमध्ये मात्र खरा ईमेल पत्ता टाकू नका. शेवटी 'इनव्हॅलिड' असलेला पत्ता चालतो, तो शब्द अशाच वापरासाठी राखून ठेवलेला आहे.

दुसरा सर्व्हर म्हणून जीमेन जोडून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. मुक्तस्रोत प्रकल्पांच्या मेलिंग लिस्ट तिथे न्यूजग्रुपच्या रूपात मिळतात आणि वाचायला खातंही लागत नाही. इनबॉक्स न भरता दहा प्रकल्पांच्या चर्चा वाचता येतात, आणि गुणांचे नियम त्यांनाही लावता येतात. दोन सर्व्हरवर एकच ग्रुप असला तरी लेख दोनदा दिसत नाही, कारण प्रत्येक लेखाचा मेसेज-आयडी सगळीकडे एकच असतो आणि पॅन त्यावरून ओळखतो.

उणिवाही आहेत. दिसायला तो जुनाट आहे, आणि सेटिंग तीन-चार खिडक्यांत विखुरलेली आहेत. ईमेल पाठवायचं काम तो स्वतः करत नाही, बाहेरच्या मेल प्रोग्रॅमकडे सोपवतो. मेल आणि न्यूज एकाच खिडकीत हवं असणाऱ्यांना थंडरबर्ड सोयीचा पडेल. तो न्यूजग्रुपही उघडतो, फक्त गुणांची ही पद्धत त्यात नाही. दोन-तीन शांत ग्रुपच वाचायचे असतील तर तेवढ्याने भागेलही. टर्मिनलमध्ये रमणाऱ्यांसाठी एसएलआरएन हा न्यूजरीडर आहे. त्याच्या आणि पॅनच्या गुणांच्या फाइलचा ढाचा एकच, म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे जाताना नियम फुकट जात नाहीत.

नव्या मशीनवर जाताना दोन गोष्टी उचला: होम फोल्डरमधलं पॅनचं लपलेलं फोल्डर, आणि 'न्यूज' फोल्डरमधली 'स्कोअर' नावाची फाइल. ही दुसरी वेगळ्या जागी असल्यामुळे हमखास राहून जाते, आणि सगळे नियम तिच्यातच असतात. साधी मजकुराची फाइल आहे, कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. पहिल्या फोल्डरात मात्र सर्व्हरचा पासवर्डही असू शकतो. पॅन कीरिंगशी, म्हणजे पासवर्ड सुरक्षित ठेवणाऱ्या डेस्कटॉपच्या सोयीशी, जोडलेला नसेल तर तो उघड्या अक्षरांत असतो, तेव्हा ते फोल्डर कुणाला देताना किंवा क्लाउडवर चढवताना आधी तेवढं तपासून घ्या.