पेसाहच्या आधी कल्हई करून घेतली, ठाणे (५ पैकी ४ स्टार)

आधी सांगते, हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही, कल्हईवाल्याचा आहे. हो, अजून आहेत ते. आमच्याकडे, म्हणजे बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या मराठी ज्यू) घरांत, पेसाह या ज्यू सणाच्या आधी घराला रंग आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई हे ठरलेलंच असायचं. आजी तर पेसाह म्हणायचीच नाही, 'अनाशी धाकाचा सण' म्हणायची, म्हणजे आंबट पाण्याचं मडकं झाकून ठेवायचा सण. आठ दिवस खमीर असलेलं काहीही घरात नको, पाव नको, बिस्किट नको, कपाटाच्या कोपऱ्यातला चुरासुद्धा नको. मग भांडी तरी जुनी कशी चालतील!

यंदा सेदेर (पेसाहच्या पहिल्या रात्रीचं विधीचं जेवण) १ एप्रिलच्या संध्याकाळी, त्यामुळे होळी झाल्या झाल्या शोध सुरू केला. पहिला जो मिळाला तो म्हणाला स्टील वापरा ताई, कोण करतं आता हे. त्याचं नाव लिहीत नाही. मग मार्केटच्या मागच्या गल्लीत हे चाचा सापडले, मी दोन पराती, एक टोप, एक तपेली आणि आजीचा छोटा हंडा घेऊन गेले, ते पाच नग मिळून १८०० म्हणाले, मी घासाघीस केली तर म्हणाले, "बेटा, कथील का भाव मालूम है क्या?" मला नव्हता माहीत. गप्प बसले.

काम मात्र बघत राहावं असं! भात्याच्या जागी आता इलेक्ट्रिक ब्लोअर आलाय पण बाकी सगळं तेच, आधी भांडं घासून पार उघडं करायचं, मग निखाऱ्यांवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर असा उठतो की डोळे चुरचुरतात (लांब उभे राहा, मुलांना तर नेऊच नका), मग कथलाची कांडी आत टेकवली की ती लगेच वितळते आणि चाचा कापसाच्या बोळ्याने सर्रकन आतून फिरवतात, एका क्षणात काळंकुट्ट भांडं चांदीसारखं. कथील २३२ डिग्रीला वितळतं म्हणे, पण चाचांकडे थर्मामीटर कुठला, ते रंगावरून ओळखतात. शेवटी पाण्यात चर्रर्र. परात बाहेर आली तेव्हा माझा चेहरा त्यात दिसला, जरा वाकडा, पण दिसला.

आता एक स्टार का कापला. एक म्हणजे दोन दिवस सांगून पाच दिवस लावले आणि मला रोज फेऱ्या. दुसरं, हंड्याच्या तळाशी रुपयाएवढा डाग तसाच राहिला, दाखवल्यावर हसून म्हणाले अंदर का है, कौन देखता है. अहो मी बघते ना! पण परत भट्टीवर घेतला आणि वेगळे पैसे नाही मागितले, तेवढं खरं.

खरी परीक्षा खजुराच्या शिऱ्याची. खजूर शिजवून, पिळून तो पाक तासन्‌तास आटवायचा, तो मात्झाला (बिनखमिराच्या पोळीला) लावून खायचा. गेल्या वर्षी कल्हई गेलेल्या टोपात केला होता तर कळकला, सगळा फेकावा लागला, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. यंदा एकदम साफ, चवीला जराही तांब्याचा वास नाही. पहिला डाव आटवल्यावर मी मुद्दाम टोप कलता करून आत बघितलं, चकाकी तशीच. आणि हो, कल्हई झाली म्हणून काम संपलं असं नाही, घरी आणून भांडी उकळत्या पाण्यातून काढलीच, सण आहे शेवटी.

इस्राएलमधल्या दीमोनाच्या मावशीला परातीचा फोटो पाठवला तर तिचा लगेच व्हॉइस मेसेज, "तिकडे मिळतो का गं अजून कल्हईवाला? इथं तर पेसाहला सगळं डिस्पोजेबल." टेंभी नाक्याच्या सिनेगॉगात (१८७९चं आहे) त्या शनिवारी दोघी-तिघींनी पत्ता मागितला. अख्ख्या भारतात आम्ही चार-पाच हजार, त्यातल्या तांब्याची भांडी असणाऱ्या घरांत चाचांचं गिऱ्हाईक किती होणार, पण आमच्यासाठी मार्चमध्ये नंबर लावावा लागतो हे नक्की. दिवाळीलाही गर्दी असते म्हणे.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, पैसे रोख न्या (गूगल पे नाही चालत), आणि झाकणं विसरू नका. मी विसरले. टोप चकाचक आणि झाकण काळं, आता पुढच्या वर्षीपर्यंत असंच.