नऊ दिवसांची हिरवी भिंत

सोसायटीच्या गेटजवळची भिंत म्हणजे पानाच्या पिचकाऱ्यांची जागा. तिथे जिवंत झाडांचं वारली चित्र करू, असं मीटिंगमध्ये मीच सुचवलं होतं. म्हणून हे लिहायचं कामही माझंच.

ओळखीच्या ओळखीतून एक माणूस आला. 'आमचं बंगळुरूचं काम' म्हणून मोबाईलवर त्याने एक उंच हिरवी भिंत दाखवली आणि आम्ही पाघळलो. ती निघाली माद्रिदच्या काईशाफोरम या कलाकेंद्राची, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लाँ यांनी केलेली! सी विंगमधल्या आर्किटेक्चरच्या पोरीने फोटो ओळखला, पण पैसे गेल्यावर.

२०० चौरस फूट, दर ६५० रुपये, म्हणजे १,३०,००० रुपये. निम्मे आधी, निम्मे काम संपेल त्या दिवशी. दोन दिवसांत भिंत तयार. लोखंडी जाळीवर काळ्या कुंड्या, सिंगोनियमच्या हिरव्या पानांत अल्टरनॅन्थेराच्या लाल पानांचा तारपा नाच. नारळ फोडला, पेढे वाटले, चेक दिला.

नवव्या दिवशी तारपावाल्याचं डोकं वाळलं. फोन केला तर म्हणे, "सेट होतंय काका, पाणी वाढवा." वाढवलं. बाराव्या दिवशी बायकोने एक रोप सहज ओढलं, ते सुळकन हातात आलं. खाली तिरका कापलेला, काळा पडलेला देठ. मूळ नाहीच. मग दोघांनी मिळून अख्खी ओळ उपसली. ३२ पैकी मुळं होती पाचांना. बाकीच्या नुसत्या फांद्या, ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, खोचलेल्या. अल्टरनॅन्थेराची फांदी लावली तरी जगते, नाही असं नाही, पण मुळं धरेपर्यंत तिला सावली लागते. आमची भिंत पश्चिमेची आणि महिना एप्रिल. ठिबकच्या नळीला भोकंसुद्धा वरच्या दोनच ओळींपुरती होती.

उरुळी कांचनच्या एका नर्सरीवाल्याने नंतर सांगितलं, "चेक लिहायच्या आधी कुठल्याही दहा कुंड्या आपल्या हाताने उलट्या करायच्या. मुळांनी माती धरली असेल तर रोप, भुसभुशीत सांडली तर फांदी." तो स्वतः रोपं आधी कुंडीत वाढवतो, मगच भिंतीवर चढवतो. आणि निम्मी रक्कम दीड महिन्यानंतर घेतो.

आमच्या कोटेशनवर फक्त 'ग्रीन वॉल' लिहिलेलं. झाडांची नावं नाहीत, मेली तर बदलून द्यायची मुदत नाही. तोच कागद घेऊन आम्ही तिघं चौकीत गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "झाडं लावली होती ना त्याने?"

लावली होती.