मॅडिसनवर सोबत कोणाची: जुना मित्र की वल्ही मारता येणारा अनोळखी?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या मॅडिसन नदीवर ड्रिफ्ट बोटीतून (प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या वल्ह्यांच्या होडीतून) फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला नकली माशी लावून मासेमारी करायची, तर बोटीत साधारण तिघे मावतात: मधे वल्ही मारणारा, पुढे-मागे गळ टाकणारे. गाइड घेतलात तर पैसे सहसा बोटीमागे लागतात, माणसामागे नाही. तेव्हा खर्च वाटून घ्यायला मित्रच बरा. मासा लागला नाही तरी गप्पा होतात.

गाइड नसेल तर मात्र मी डोळे झाकून अनोळखी माणूस निवडेन, त्याला वल्ही मारता येत असतील तर. बोटीचं नाक प्रवाहाच्या दिशेला ठेवून वल्ही उलटी मारत वेग कमी राखायचा, तेव्हा कुठे नकली माशी दगडाआडच्या ट्राउट माशासमोरून नीट वाहत जाते. शिवाय दोघांच्या दोन गाड्या असल्या की एक आधीच प्रवाहाच्या खालच्या बाजूला, जिथे बोट बाहेर काढायची तिथे, लावून ठेवता येते. फक्त वल्ही आळीपाळीने मारायची, हे निघण्याआधीच ठरवून घ्या.