ऑफिसची काउन्सेलिंग सेवा वापरून बघितली: माणसं चांगली, ॲप ठीकठाक, बाकी मॅनेजरच्या हातात

आमच्या कंपनीने स्टाफसाठी काउन्सेलिंगची सेवा घेतलीये, एचआरवाले तिला ईएपी म्हणतात, एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम. चोवीस तास हेल्पलाइन, व्हिडिओवर काउन्सेलरची ठरावीक फुकट सेशन्स आणि सोबत एक ॲप. लिंक जॉइनिंगच्या मेलमध्येच येते पण बहुतेक जण ती उघडतच नाहीत. मी उघडली कारण आमच्या टीमला ऑन-कॉल ड्युटी असते, रात्री दोनला फोन वाजला की उठून लॅपटॉप उघडायचा आणि सकाळच्या मीटिंगला परत हजर, आणि हे बरेच महिने चालल्यावर सुट्टीच्या दिवशीही फोन नुसता व्हायब्रेट झाला तरी छातीत धडधडायला लागलं.

सगळ्यात आधी जे सगळेच विचारतात ते, एचआरला कळतं का? मी पहिल्याच कॉलवर सरळ विचारलं. नाव जात नाही, किती जणांनी वापरली आणि साधारण कुठल्या विषयांवर एवढीच बेरीज कंपनीला जाते असं सांगितलं, आणि कन्सेंट फॉर्ममध्येही तेच लिहिलेलं होतं. अपवाद एकच, तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर ते गप्प बसणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. टीम चार-पाच जणांची असेल तर मात्र बेरजेतूनही माणूस ओळखू येऊ शकतो, म्हणून रिपोर्ट टीमप्रमाणे जातो की सगळ्या कंपनीचा मिळून, हे नक्की विचारा. आणि लॉगिन स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या ईमेलने करा, ऑफिसच्या लॅपटॉपवरून नको.

मग दोन फॉर्म भरायला देतात, पीएचक्यू-९ आणि जीएडी-७, पहिला डिप्रेशनसाठी, दुसरा अँग्झायटीसाठी. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ मार्क. पहिल्यात २७ पैकी १० किंवा वर गेलात तर नीट लक्ष द्यायला हवं असं धरतात, पण ते निदान नाही, नुसती चाळणी आहे. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मेलेलं बरं अशा विचारांबद्दल असतो. आमच्यातल्या एकाने तिथे शून्य सोडून दुसरं काहीतरी टिक केलं (त्याला विचारूनच लिहितेय) तर त्याला त्याच दिवशी फोन आला, कोणीतरी शांतपणे बराच वेळ बोललं आणि पुढे सायकिअॅट्रिस्टकडे पाठवलं. या एका गोष्टीसाठी मी या सेवेला मनापासून मानते. तुम्हाला तसे विचार येत असतील तर फॉर्म आणि अपॉइंटमेंटच्या नादी लागू नका, थेट हेल्पलाइनला फोन करा नाहीतर जवळचं हॉस्पिटल गाठा.

काउन्सेलर मॅडम खरंच चांगल्या मिळाल्या. आल्या आल्या श्वास घ्या, पॉझिटिव्ह राहा असलं काही नाही, त्यांनी एका ऑन-कॉल रात्रीचं तासातासाने विचारलं, फोन किती वाजता आला, कोण बोललं, परत झोप कधी लागली, आणि मग म्हणाल्या, "रात्री उठावं लागलं तर सकाळी उशिरा यायचं की नाही हे कोण ठरवतं?" मी नुसतीच बघत राहिले, कारण हे कोणी ठरवलेलंच नव्हतं. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलेलं आहे की नुसत्या जास्त कामापेक्षा जास्त काम आणि त्यावर आपला काहीच कंट्रोल नाही हे कॉम्बिनेशन माणसाला जास्त खातं. माझं अगदी तेच चाललं होतं. आणि डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती पण मॅडमनी समजावली, तो आजार नाही, कामाच्या ठिकाणचा ताण वेळीच आवरला गेला नाही की होतो, थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि आपल्याच्याने काही होत नाही ही भावना. मीच कच्ची आहे असं इतके दिवस वाटत होतं, ते ओझं तिथेच उतरलं.

ॲपबद्दल फार काही नाही. झोपेचे ऑडिओ चांगले आहेत, मी अजून लावते. मूड ट्रॅकर आणि रेझिलियन्सचे, म्हणजे ताण झेलायला शिकवणारे, कोर्स मला काही लागू पडले नाहीत, आणि ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ मध्ये आलेला अभ्यास वाचला तर ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या माहितीत असे ॲप, ट्रेनिंग घेणारे आणि न घेणारे यांच्यात जवळपास काहीच फरक दिसला नव्हता. म्हणून ॲप दिलं म्हणजे आपलं काम झालं असं कुठल्याही कंपनीने समजू नये, प्लीज.

मला खरा फरक पडला तो मॅडमनी मॅनेजरला मेल लिहायला मदत केली तेव्हा. तक्रारीचा सूर नको, काय हवंय तेवढं स्पष्ट लिही म्हणाल्या. मी दोनच गोष्टी मागितल्या, ऑन-कॉलला दोघांची जोडी आणि रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी. आणि डब्ल्यूएचओ आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांचा २०२१ चा आकडा टाकला, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त. आमच्या सरांनी ऐकलं, पुढच्या महिन्याचा रोस्टर तसाच लागला आणि हळूहळू झोप परत आली. शेजारच्या टीममधली माझी मैत्रीण त्याच सेवेत, तेवढ्याच चांगल्या काउन्सेलरकडे जाते, पण तिचे मॅनेजर म्हणतात प्रेशर सगळ्यांनाच आहे, आणि ती अजून तिथेच अडकलीये. मला याचं फार वाईट वाटतं.

तक्रारी आहेतच. बहुतेक स्लॉट ऑफिसच्या वेळेतच, म्हणजे कॅलेंडर ब्लॉक करा आणि मीटिंग रूम शोधा, आणि त्या काचेच्या रूममध्ये बसून रडायचं कसं? सेशन्स मोजकी आहेत, नुकतं कुठे मोकळं बोलायला लागतो आणि संपतात, पुढे बाहेर कोणाकडे जायचं हे शेवटच्या नाही, आधीच्याच सेशनमध्ये विचारून ठेवा. पहिल्या काउन्सेलरशी जमलं नाही तर बदलून मिळतो, त्यात काही लाजायचं नाही. आणि भाषा आपली मागा, थोडं थांबावं लागलं तरी चालेल, मनातलं सांगताना इंग्रजी वाक्यं जुळवत बसायला लागू नये.

माझ्याकडून काउन्सेलर आणि हेल्पलाइनला पाचपैकी पाच, ॲपला दोन. एचआरने रिन्यूअलच्या आधी फीडबॅक मागवलाय, त्यात मी संध्याकाळचे स्लॉट मागितलेत आणि सगळ्या मॅनेजर्सना ट्रेनिंग कम्पल्सरी करा असं लिहिलंय, डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या गाइडलाइन्समध्येही मॅनेजर ट्रेनिंगची शिफारस आहेच. तुमच्याकडे असा फॉर्म आला तर तुम्हीही हे लिहा, एकटीच्या फीडबॅकने कोणी हलत नाही.